विश्लेषण : बिबट्याछाप चड्डीत नाचणारा तरुण ‘ॲक्शन हिरो’ कसा झाला?

जेसन स्टेथम म्हटले की डोळ्यांपुढे येते ते तुळतुळीत डोके, दोन दिवसांची वाढलेली दाढी, अंगावर सूट आणि घशातून घासत निघणारा आवाज. ‘ट्रान्सपोर्टर’, ‘क्रँक’, ‘द एक्स्पेंडेबल्स’, ‘फास्ट अँड फ्युरियस’ अशा मारधाडपटांतला हा नायक फारसा हसत नाही. नाचणे तर दूरच. त्यामुळे गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांवर पुन:पुन्हा फिरणारी एक जुनी चित्रफीत पाहून अनेकांचा विश्वास बसत नाही. त्यात हाच स्टेथम केवळ बिबट्याच्या ठिपक्यांच्या तोकड्या चड्डीत, क्लबमधल्या ठेक्यावर मनसोक्त नाचताना दिसतो. ही चित्रफीत खरी आहे. ती कुठून आली, तो तिथे का होता आणि पुढच्या कारकीर्दीशी तिचा काही संबंध आहे का, याचा हा वेध.

त्या व्हिडिओत नेमके काय आहे?

गाणे ‘कमिन ऑन’, बँड ‘द शेमन’, साल १९९३. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे स्थापन झालेला हा बँड तेव्हा ब्रिटनमध्ये चांगलाच गाजत होता. आदल्याच वर्षी त्यांचे ‘एबनीझर गुड’ हे गाणे ब्रिटनच्या सिंगल्स यादीत पहिल्या क्रमांकावर गेले होते आणि त्यातील शब्दांचा खेळ अमली पदार्थाची जाहिरात करतो, असा गदारोळही झाला होता. ‘कमिन ऑन’ हे त्यांच्या ‘बॉस ड्रम’ या १९९२च्या अल्बममधले गाणे. त्याच्या व्हिडिओत बँडच्या दृश्यांमध्ये मधूनच एक पिळदार शरीराचा तरुण येतो, नाचतो, जातो. त्याला नाव नाही, पात्र नाही, गोष्टीत भूमिका नाही. मुळात गोष्टच नाही.

वर्षभराने, १९९४मध्ये, ‘इरेजर’ या जोडगोळीच्या ‘रन टु द सन’ या गाण्यात तो पुन्हा दिसतो. या वेळी बिबट्याचे ठिपकेही नाहीत. अंगभर चंदेरी रंग फासलेला आणि कपडे नावापुरते. त्यानंतर १९९५मध्ये ‘द ब्युटिफुल साउथ’ या बँडच्या ‘ड्रीम अ लिट्ल ड्रीम ऑफ मी’ या जुन्या गाण्याच्या नव्या आवृत्तीतही त्याचे दर्शन होते. म्हणजे ही एखाद्या दिवसाची गंमत नव्हती. सलग तीन वर्षे तो या कामावर जात होता.

नाच कसा आहे? खरे सांगायचे तर बरा आहे. प्रशिक्षित नर्तकाचा नाही, पण ज्याला आपल्या खांद्यापासून पायाच्या बोटांपर्यंत प्रत्येक स्नायूचा ताबा आहे, अशा माणसाचा आहे. तो लाजत नाही, ही त्यातली सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट. एवढ्या कमी कपड्यांत, कॅमेऱ्यासमोर, एवढा निवांतपणा सहसा येत नाही. तो कुठून आला, याचे उत्तर तलावावर सापडते.

तो तिथे पोहोचला कसा?

स्टेथमचा जन्म २६ जुलै १९६७चा, इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातल्या शायरब्रुक या गावचा. पुढे हे कुटुंब नॉरफकच्या किनाऱ्यावरील ग्रेट यारमथला गेले. आई नृत्यांगना. वडील रस्त्यावर फिरता विक्रीव्यवसाय करणारे आणि जोडीला हॉटेल-क्लबांत गाणारेही. मुलाला लागले ते वेड मात्र पाण्यात सूर मारण्याचे. डायव्हिंगमध्ये तो सुमारे १२ वर्षे ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाच्या चमूत होता. १९९०मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झालेल्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो इंग्लंडकडून तिन्ही प्रकारांत उतरला : एक मीटर स्प्रिंगबोर्ड, तीन मीटर स्प्रिंगबोर्ड आणि दहा मीटर प्लॅटफॉर्म. त्या स्पर्धेच्या चित्रफितीही आता सहज पाहायला मिळतात आणि त्यात त्याच्या डोक्यावर चक्क केस आहेत.

क्रमांक आले ते आठवा, अकरावा आणि दहावा.

या तीन आकड्यांपाशी थोडे थांबायला हवे. दहा मीटर उंचीवरून सूर मारणारा खेळाडू साधारण दीड सेकंदात पाण्यापर्यंत पोहोचतो आणि तेव्हा त्याचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या दीड सेकंदात कोलांट्या, पिळे आणि शेवटी शरीराची सरळ काडी. हात किंचित चुकला तर पाणी भिंतीसारखे लागते. पंच शून्य ते दहापर्यंत गुण देतात, मग ते सुराच्या काठिण्य गुणांकाने गुणले जातात. हे साध्य करण्यासाठी रोजचा सराव, वर्षानुवर्षे. आणि एवढे करून देशासाठी खेळलेला, पण पदक आणि ऑलिम्पिक दोन्ही न गाठलेला खेळाडू स्पर्धा संपली की काय करतो? पदकविजेत्याला निदान सत्कार मिळतो, एखादी जाहिरात मिळते. आठव्या क्रमांकाला कोण ओळखणार? ऑलिम्पिकला जाता आले नाही, ही सल आपल्या मनात राहिल्याचे स्टेथमने पुढे मुलाखतींत बोलून दाखवले आहे. आपण या खेळाकडे उशिरा वळलो, असेही तो म्हणाला आहे.

त्याच्याजवळ दोनच गोष्टी होत्या. एक, वडिलांकडून आलेला रस्त्यावरचा धंदा. तो लंडनच्या फुटपाथवर अत्तरे आणि दागिने विकत असे, आणि त्यातला सगळाच माल अस्सल नसे. दुसरी गोष्ट म्हणजे डायव्हिंगने घडवलेले शरीर. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्रीडा केंद्रात सराव करताना खेळाडूंना जाहिरातींची कामे मिळवून देणाऱ्या एका एजन्सीची नजर त्याच्यावर पडली आणि मॉडेलिंग सुरू झाले. संगीत व्हिडिओ ही त्याच कामाची एक शाखा. डायव्हर हा तसाही तोकड्या चड्डीत, हजारो लोकांसमोर, उंच फळीवर एकटा उभा राहायला सरावलेला असतो. ‘कमिन ऑन’मधला तो निवांतपणा असा आलेला दिसतो.

व्हिडिओंना असे पुरुष का हवे होते?

नव्वदच्या दशकाची सुरुवात हा व्हिडिओंच्या सुगीचा काळ. युरोपात एमटीव्ही १९८७पासून सुरू झालेली होती, गाण्याचे सिंगल्स दुकानांत विकले जात होते आणि विक्री वाढवायची तर दूरचित्रवाणीवर गाणे ‘दिसणे’ भाग होते. इलेक्ट्रॉनिक संगीताची मात्र एक अडचण होती. कीबोर्ड आणि यंत्रांमागे उभे असलेले दोघे-तिघे पडद्यावर किती वेळ दाखवणार? गिटारवादक निदान उड्या मारतो. इथे बटणे दाबणारे हात. मग पडदा भरायला नर्तक, रंग, प्रकाश आणि देखणी शरीरे लागत. शेमन आणि इरेजर हे दोन्ही याच जातकुळीतले. इरेजरमधले विन्स क्लार्क तर वाद्यांमागे शांतपणे उभे राहण्यासाठीच प्रसिद्ध.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. इरेजरचे गायक अँडी बेल हे आपण समलिंगी असल्याचे सुरुवातीपासून उघडपणे सांगणाऱ्या मोजक्या पॉप गायकांपैकी एक. ब्रिटनमधील क्लब संस्कृती आणि तिच्याशी जोडलेले समलिंगी समुदायाचे सौंदर्यभान या काळात मुख्य प्रवाहातील पॉपमध्ये मिसळत होते. तोवर बाईच्या शरीराकडे कॅमेरा ज्या नजरेने पाहत आला होता, त्याच नजरेने तो पुरुषाकडे पाहू लागला. स्टेथमचा चंदेरी नाच आज विनोदी वाटतो, पण तो व्हिडिओच्या चौकटीत विनोद म्हणून आलेलाच नाही. पाहणाऱ्याने पाहावे आणि आवडून घ्यावे, एवढाच त्याचा साधा हेतू. हसू येते ते आपल्याला, कारण पुढचा स्टेथम आपल्याला ठाऊक आहे.

मग त्याला तेव्हा कुणी ओळखले का नाही? एमटीव्हीवर व्हिडिओच्या कोपऱ्यात गायकाचे नाव, गाण्याचे नाव, अल्बम आणि कंपनी एवढेच येई. नाचणाऱ्यांची नावे कुठे येत नसत. चार मिनिटांच्या गाण्यात काही सेकंद दिसणारा माणूस गाण्याबरोबरच विसरला जाई. इंटरनेटवर जुने व्हिडिओ चढू लागल्यावर आणि तोवर स्टेथम जगभर ओळखीचा झाल्यावरच कुणाच्या तरी लक्षात आले, की अरे, हा तर तोच!

या व्हिडिओंमुळेच सिनेमा मिळाला का?

समाजमाध्यमांवरच्या अनेक मजकुरांत असा सूर असतो. तो बरोबर नाही. व्हिडिओतून थेट ओळख मिळाल्याची उदाहरणे आहेत. ‘फ्रेंड्स’मधली कोर्टनी कॉक्स १९८४मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘डान्सिंग इन द डार्क’मध्ये प्रेक्षकांतून मंचावर ओढली गेलेली मुलगी म्हणून लोकांच्या लक्षात राहिली. स्टेथमच्या बाबतीत तसे घडले नाही. तीन व्हिडिओ करूनही तो अनामच होता.

दार उघडले ते कपड्यांनी, आणि फुटपाथने. ‘फ्रेंच कनेक्शन’ या ब्रिटिश कपड्यांच्या कंपनीने त्याला जाहिरातींसाठी घेतले. टिपिकल मॉडेलसारखा न दिसणारा, चार माणसांतला वाटणारा चेहरा त्यांना हवा होता. त्याच सुमारास गाय रिची हा तरुण दिग्दर्शक आपला पहिला मोठा चित्रपट उभा करण्यासाठी पैसे आणि चेहरे शोधत होता. ‘फ्रेंच कनेक्शन’चे संस्थापक स्टीफन मार्क्स या चित्रपटाचे एक कार्यकारी निर्माते झाले आणि स्टेथमची रिचीशी गाठ पडली.

रिचीला कळले की हा तरुण खरोखर रस्त्यावर माल विकत आला आहे. मग निवड चाचणी कसली झाली? मला खोटा दागिना विकून दाखव, असे रिचीने सांगितल्याची गोष्ट दोघांच्याही संदर्भात अनेकदा सांगितली जाते. स्टेथमने तो विकला. १९९८च्या ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’ची सुरुवातच त्याच्या फुटपाथवरील विक्रीने होते : तोंडाचा पट्टा सुरू, भोवती गर्दी, आणि पोलीस येताच माल आवरून पळ. पालिकेची गाडी आल्यावर गठुडे उचलून गल्लीत पसार होणारे फेरीवाले पाहिलेल्या मुंबईकराला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही.

म्हणजे व्हिडिओने त्याचे शरीर दाखवले होते, पण नट घडवला तो जिभेने. मॉडेल पुष्कळ होते आणि खेळाडूही. त्याच चित्रपटात फुटबॉलपटू विनी जोन्सही पहिल्यांदा पडद्यावर आला. पण एका दमात गिऱ्हाईक पटवण्याची ती लय अभिनयाच्या वर्गात शिकवता येत नाही. ती अस्सल बोलबच्चनगिरी स्टेथमकडे होती. पुढे २०००च्या ‘स्नॅच’मध्ये रिचीने त्याच्याकडून निवेदकाचे काम करून घेतले, ते याच जोरावर.

आपल्याकडे असे घडले आहे का?

जवळजवळ असेच, आणि जवळजवळ त्याच वेळी. १९९५मध्ये अलीशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ या गाण्याच्या व्हिडिओत एका राणीसमोर देशोदेशीचे वर येतात आणि शेवटी पेटीतून उघड्या अंगाने बाहेर येतो तो मिलिंद सोमण. हा दादर-शिवाजी पार्क भागात वाढलेला मराठी मुलगा मॉडेल होण्याआधी जलतरणातला राष्ट्रीय विजेता होता. केन घोष दिग्दर्शित त्या व्हिडिओतही त्याला बोलायचे काही नव्हते. त्याने फक्त दिसायचे होते. पोहणाऱ्याचे खांदे असलेला पुरुष, गाण्याच्या कंपनीला हवा असलेला चेहरा आणि घराघरांत नुकत्याच पोहोचलेल्या संगीत वाहिन्या, हे समीकरण लंडन आणि मुंबईत सारखेच होते. फरक असा की सोमण त्या एका गाण्याने रातोरात सगळ्या देशाला माहीत झाला आणि स्टेथमला आणखी काही वर्षे कुणी ओळखले नाही.

जॉन अब्राहमचे उदाहरणही याच वाटेवरचे. २००३च्या ‘जिस्म’ आणि २००४च्या ‘धूम’पूर्वी तो जॅझी बीच्या ‘सुरमा’सह पंकज उधास, हंसराज हंस, बाबुल सुप्रियो यांच्या गाण्यांच्या व्हिडिओंत दिसला होता.

तोच देह पुढे काय करू लागला?

२००२च्या ‘ट्रान्सपोर्टर’मध्ये एक प्रसिद्ध हाणामारी आहे. बसच्या गराजमध्ये स्टेथम जमिनीवर तेल सांडतो, स्वत:च्या उघड्या अंगालाही ते माखून घेतो आणि सायकलची पेडल्स पायांत अडकवतो. सभोवतीचे गुंड घसरून पडत राहतात, हा मात्र कुणाच्याच हाती लागत नाही. हाँगकाँगच्या कोरी युएन यांनी बसवलेले हे दृश्य नऊ वर्षांपूर्वीच्या व्हिडिओशेजारी ठेवून पाहावे. उघडे, तुकतुकीत अंग तेच, ठेकाही आहे, पावलांची रचनाही आहे. फक्त आता त्याला मारामारीचे कारण मिळाले आहे. मारधाडपटाचा प्रेक्षक पुरुषाच्या देहाकडे तितक्याच आवडीने पाहतो. ते कबूल करण्याऐवजी तो ‘काय फाइट आहे’ म्हणतो, इतकेच.

स्टेथमला बहुधा हे सगळे चांगले कळते. २०१५च्या ‘स्पाय’ या विनोदीपटात त्याने रिक फोर्ड हा बढाईखोर, स्वत:च्या मर्दानगीच्या अशक्य कथा सांगणारा हेर रंगवला आणि स्वत:च्याच पडद्यावरील प्रतिमेची मनसोक्त टिंगल केली. काही समीक्षकांनी त्याला त्याच्या सर्वोत्तम कामांत धरले, ते योग्यच आहे. ज्याने विशीत बिबट्याछाप चड्डी घातली आहे, त्याला चाळिशीत आपली लाज निघेल याची भीती कमीच असणार.

डायव्हिंग मात्र सुटले नाही. स्टेथम आपली बरीच साहसदृश्ये स्वत: करतो आणि स्टंट कलाकारांना पुरेसे श्रेय मिळत नाही, अशी तक्रार त्याने अनेक वर्षांपूर्वीच जाहीरपणे केली होती. ऑस्करची अकादमी तिथे आता पोहोचली आहे. २०२७मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांसाठी, म्हणजे २०२८च्या शंभराव्या सोहळ्यापासून, स्टंट रचनेचा स्वतंत्र पुरस्कार दिला जाणार असल्याची घोषणा एप्रिल २०२५मध्ये झाली.

चित्रीकरणातली जोखीम खोटी नसते, याचा अनुभव त्याला २०१३मध्ये आला. ‘द एक्स्पेंडेबल्स ३’चे काम बल्गेरियातील वार्ना येथे चालू होते. ट्रक धक्क्यापर्यंत नेऊन थांबवायचा, असे दृश्य होते. ब्रेक लागले नाहीत. स्टेथमसह ट्रक थेट काळ्या समुद्रात गेला. सिल्व्हेस्टर स्टॅलन यांनी नंतर अमेरिकी दूरचित्रवाणीवर ही घटना सांगताना, त्या जागी आमच्यापैकी दुसरा कुणी असता तर बुडाला असता, अशा अर्थाचे उद्गार काढले. अंगावर चित्रीकरणाचा जड पोशाख आणि पायांत बूट होते. ट्रक तळाशी गेला आणि ऑकलंडला तिन्ही प्रकारांत पदकाविना परतलेला तो डायव्हर पोहत वर आला.